काटा टोचून जाणारी भीती

अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूलनिवासी समाजाच्या लोककथांतला नालुसा फालाया हा रानातला आत्मा कुणाचा जीव घेत नाही. दिवस कलला, सावल्या लांबल्या की रानात खोलवर गेलेल्या शिकाऱ्याला तो माणसाच्या आवाजात हाक मारतो. शिकारी वळून बघतो आणि भीतीने बेशुद्ध पडतो. मग नालुसा फालाया त्याच्या हाताला किंवा पायाला बारीक काटा टोचून निघून जातो. शुद्धीवर आलेल्याला काही कळत नाही. पण इतरांचं वाईट करण्याची शक्ती त्याच्यात भिनलेली असते. ती त्याच्या वागण्यातूनच उघड होते.

मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड बुशनेल यांनी लुइझियानातल्या बायू लाकोंबच्या चॉक्टॉ वस्तीत ऐकलेली ही समजूत १९०९ मध्ये प्रसिद्ध केली. जॉन स्वॉन्टन यांच्या १९३१ च्या ग्रंथात माणसाच्या दोन सावल्या येतात. आतली शिलुप मरणानंतर मृतांच्या देशी जाते. बाहेरची शिलोंबिश पृथ्वीवर रेंगाळते, कोल्ह्याचा किंवा घुबडाचा आवाज काढते. त्या आवाजाला दुसऱ्या कोल्ह्याने वा घुबडाने साद दिली नाही, की ती शिलोंबिश समजायची. भय वाटण्याआधी नीट ऐकायला लावणारी ही परंपरा आहे.

आज मात्र हीच पात्रं भुताखेतांच्या कोशांत आणि व्हिडिओंत कान, डोळे, उंची यांच्या वर्णनापुरती उरली आहेत. नालुसा फालायाचे टोकदार कान सर्वांना माहीत, काटा मात्र गाळलेला. हरणाच्या पायांचा काशेहोतापालो नुसता विचित्र प्राणी होऊन बसतो. रानातली छोटी माणसं मुलाला गुहेत नेऊन सुरी, विषारी पाला आणि औषधी पाला पुढे ठेवतात. त्याच्या निवडीवरून तो घातकी निघेल की वैद्य होईल, हे ठरतं. ही परीक्षा वगळली की उरते ती फक्त मूल पळवल्याची गोष्ट. टॉम मोल्ड यांचा २००४ चा ‘चॉक्टॉ टेल्स’ हा संग्रह मोलाचा वाटतो, कारण त्यात कथा सांगणाऱ्यांची नावं कथांसोबत राहिली आहेत.

या परंपरेची खरी वाढ कादंबरीत दिसते. टिम टिंगल यांच्या ‘हाऊ आय बिकेम अ घोस्ट’मध्ये (२०१३) निवेदक आयझॅक हा मुलगाच भूत होतो. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८३० च्या तहानंतर मिसिसिपीतून हुसकावलेल्या आपल्या माणसांसोबत तो चालत राहतो. इथे मेलेले आधार देतात. भीती वाटते ती जिवंत सैनिकांची. डेव्हन मिहेसुआ यांच्या ‘द हटाक विचेस’मध्ये (२०२१) रूप पालटणाऱ्या शक्ती गुन्ह्याच्या तपासात शिरतात, पण रहस्यकथेला उकल हवी असते आणि त्या घाईत गूढाची धार थोडी बोथट होते, असं मला वाटतं.

लिअॅन हाऊ यांची ‘शेल शेकर’ (२००१) मला सर्वांत समर्थ वाटते. अठराव्या शतकातलं वैर १९९१ च्या ओक्लाहोमात पुन्हा उफाळतं, पूर्वजांचे आत्मे कुटुंबाच्या कारभारात उतरतात आणि सत्तेच्या लोभाने पछाडलेला माणूस आपल्याच लोकांचं रक्त शोषतो. नालुसा फालायाचा काटा हाऊ नेमका ओळखतात. चॉक्टॉ भयकथा पुढे न्यायची तर लेखकांनी प्राण्यांची यादी वाढवू नये. तो काटा आज कुणाला टोचला आहे, याचा शोध घ्यावा.