सामाईक दप्तर आणि स्वयंचलित कारकून

हस्तलिखितांचीं छायाचित्रें संगणकाच्या सामाईक कोठारांत ठेवून त्यांना नांवें देणें, वर्ग लावणें व प्रती पाठविणें हें काम आतां यंत्रावर सोंपवितां येतें. बर्लिन येथें २०१९ सालीं निघालेली 'एनएटएन' ही प्रणाली त्या कामीं उपयोगी पडते. तिचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. परंतु दप्तरावरील अधिकाराच्या बाबतींत तिच्यावर कितपत विसंबावें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

डॉकरच्या बंदिस्त पेटींत चालणारी ही प्रणाली 'नोड' नांवाच्या, १००० क्रमांकाच्या एकाच खातेदाराच्या अधिकारानें तेथील फाइली उघडते. काम कोणी सांगितलें हें कोठारास कळत नाहीं. त्यास एकच कारकून दिसतो. २०२५ च्या अखेरीस निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून या कारकुनाचा संचार मुळांतच एका ठराविक फोल्डरापुरता ठेविला आहे, ही सुधारणा स्तुत्य होय. तथापि ती मर्यादा जागेची आहे, माणसाची नव्हे. शिवाय एखादी कार्यमालिका दुसऱ्यास संपादनासाठीं दिली, म्हणजे तींत गुंफलेले दूरच्या कोठारांचे परवाने त्यास निराळे दिले नसतांही वापरतां येतात. मालिका देणें म्हणजे किल्ल्यांचा जुडगाच देणें होय.

फोल्डर दुसऱ्या खातेदाराच्या मालकीचें असलें कीं लेखन नाकारलें जातें. मग त्रासलेला मनुष्य ७७७ हा अंक घालून मोकळा होतो. यांतील प्रत्येक सात ही वाचनाचे चार, लेखनाचे दोन व चालविण्याचा एक यांची बेरीज आहे. अर्थात् मालक, गट व इतर सर्व यांस सारेंच खुलें होतें. दुसरा समज असा कीं, फाइल केवळ वाचनार्थ केली म्हणजे ती सुरक्षित झाली. हा भ्रम आहे. लिनक्समध्यें फाइल काढून टाकण्याचा अधिकार सामान्यतः त्या फाइलीवर नव्हे, तर तिच्या फोल्डरावरील लेखनाधिकारावर अवलंबून असतो. रुमालाची गांठ सुटी ठेवून आंतील कागदावर मोहोर उठविल्यानें कागद नाहींसा होणें टळत नाहीं.

जुन्या पत्रांत मजकूर संपतांच मोर्तब करीत, तें पुढें कोणी अक्षर वाढवूं नये म्हणून. तोच न्याय येथें लावावा. मूळ छायाचित्रांचें फोल्डर पेटीस केवळ वाचनार्थ जोडावें. तयार प्रतींसाठीं निराळें फोल्डर करून तें १००० क्रमांकाच्या मालकीचें करावें. प्रणालीच्या परवानगीच्या यादींत हीं दोनच नोंदवावीं. आणि मालिका संपादण्याचा अधिकार एकदोघांपलीकडे देऊं नये. मूळाची एक प्रत या यंत्राच्या आवांक्याबाहेर असावी, हें सांगणें नलगे.

मूळ कागद वाळवीनें खाल्ल्यावर छायाचित्र हेंच एकमेव साधन उरतें. घटकाभराच्या सोयीसाठीं तें सर्वांच्या हातीं मोकळें सोडणें आम्हांस मान्य नाहीं.