दोष दगडाचा की बांधणीचा?

सोलापूरहून तुळजापूरकडे जाताना तामलवाडी लागते. या पट्ट्यातल्या जुन्या शेतकरी घरांची ठेवण ओळखीची आहे: काळ्या दगडाच्या जाड भिंती, पुढे ढाळज, एका अंगाला गोठा, वर मातीचे माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे ६.२ प्रतीचा भूकंप झाला आणि अशाच घरांत हजारो माणसे गाडली गेली. तेव्हापासून 'दगडी घर म्हणजे मरण' असे मुलांनाही सांगितले जाते. हा निष्कर्ष आम्हांला अपुरा वाटतो.

आधी गुण पाहू. जाड भिंतीतून उष्णता फार सावकाश आत येते. म्हणून ऐन वैशाखात दुपारी ही घरे थंड असतात. दगड-माती गावातलीच.

आता दोष. ही भिंत एकसंध नसते. आतून एक, बाहेरून एक अशा दोन भिंती रचून मधे दगडगोटे व माती भरलेली असते. दोन्हींना बांधणारे आरपार दगड क्वचितच सापडतात. हादरा बसला की भराव खाली दबतो, भिंती फुगतात व ढासळतात. शिवाय गळती थांबवण्यासाठी माळवदावर वर्षानुवर्षे माती चढत जाते. तीन मीटर लांबी-रुंदीच्या खोलीवर अर्धा मीटर माती असेल तर वजन सुमारे सात टन भरते. वस्तुमान जितके अधिक, तितके हादऱ्याचे बल अधिक. किल्लारी भागात अनेक ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती पडल्या. सुताराने सांधे जोडले; गवंड्याची भिंत मात्र जोडलेली नव्हती. पण त्यालाच दोष देणे अन्यायाचे होईल. भिंतीच्या रुंदीएवढा काळा पाषाण घडवायला मजुरी फार पडते.

दर ६० सेंटिमीटर उंचीला, १.२ मीटरच्या आत आरपार दगड घालावेत, असे १९९३ चे भारतीय मानक सांगते. जुन्या भिंतीलाही भोके पाडून, सळई व काँक्रीट भरून असे सांधे देता येतात. माळवदाची माती उतरवता येते.

वर्गात हे करून पाहावे. पाटावर ठोकळ्यांच्या दोन रांगा रचून मधे खडे भरा आणि पाट हलवा. मग थराथरांत आडव्या पट्ट्या घालून पुन्हा हलवा. ठोकळे तेच असतील, निकाल वेगळा येईल. दगडाला दोषी ठरवण्यापूर्वी मुलांनी एवढे तरी पाहिलेले असावे.