अवज्ञेचें फूल

फिनलंडमधील 'मारिमेक्को' ही छापील कापडाची संस्था आर्मी राटिआ यांनीं पतीसह १९५१ सालीं स्थापन केली. कापडावर फुलें छापावयाचीं नाहींत, असा राटिआबाईंचा दंडक होता. फुलाची शोभा फुलापाशींच राहूं द्यावी. १९६४ सालीं माइया इसोला या त्यांच्याच चित्रकर्त्रीनें तो मोडला आणि 'उनिक्को' म्हणजे अफूचें भलें मोठें फूल रंगविलें.

या अवज्ञेंतहि एक आज्ञापालन आहे, असें आम्हांस वाटतें. या फुलांत छायाप्रकाशाचा खेळ नाहीं. सपाट, ठसठशीत रंगांच्या मोजक्याच आकृति आहेत. निसर्गाची नक्कलच टाळल्यामुळें दंडकाचें मर्म शाबूत राहिलें. भडक नक्षी आणि धीट नक्षी यांतील भेद हाच: पहिली सर्व कांहीं एकदम सांगूं पाहते, दुसरी पुष्कळ कांहीं वगळते.

आज मात्र तेंच फूल पेल्यांवर, छत्र्यांवर, पिशव्यांवर उमटलेलें दिसतें. विस्तीर्ण पडद्यावर जें साहस वाटे, तें पेल्यावर केवळ ओळखीची खूण होऊन बसतें. घर सजविणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: असें फूल एकाच भिंतीवर फुलूं द्यावें, उरलेल्या भिंती कोऱ्या असतील, तरच तें दिसेल.