ऑर्क, बर्गी आणि मोगलाई

संगणकावरच्या खेळाची समीक्षा निबंधिकेच्या पानांवर यावी, याचे वाचकांपैकी पुष्कळांना नवल वाटेल. आम्हांलाही ते वाटले होते. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या काचीगुड्याच्या घरी सुटीसाठी आलेला नातू ‘वॉरक्राफ्ट’ नावाच्या खेळात दिवसचे दिवस गुंतलेला आम्ही पाहिला. माणसांचा पक्ष सोडून तो प्रत्येक डावात ऑर्कांचाच पक्ष घेतो, हे ध्यानात आले आणि कुतूहल जागे झाले. हिरव्या कातडीचे, सुळे बाहेर आलेले, बोलण्याऐवजी गुरगुरणारे हे योद्धे या मुलाला आपले का वाटावेत? पुढे महिनाभर आम्ही त्याच्या शेजारी बसून खेळ पाहिला, क्वचित खेळलोही. (हरलो, हे सांगायला नको.) जे हाती लागले ते केवळ करमणुकीचे नव्हते.

प्रथम या जमातीची कुळकथा. ऑर्क हे नाव जगात रूढ केले ते टोल्किन यांनी. त्यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ऑर्क म्हणजे शत्रूची फौज. झुंडीने यावे आणि झुंडीने मरावे. मागे रडणारे कोणी नाही. ज्याला वाचा आहे असा प्राणी जन्मतःच संपूर्ण दुष्ट कसा असेल, हा प्रश्न टोल्किन यांना स्वतःलाच छळत राहिला, आणि ऑर्कांच्या उत्पत्तीविषयी त्यांचे मत अखेरपर्यंत स्थिरावले नाही. १९९४ साली कॅलिफोर्नियातील ब्लिझर्ड या कंपनीने ‘वॉरक्राफ्ट’चा पहिला खेळ काढला, तेव्हा तिने ही अडचण डोक्यात घेतली नाही. तो व्यूहरचनेचा खेळ आहे. खाणीतून सोने काढावे, लाकूड तोडावे, घरे उभारावी, फौज पोसावी आणि समोरच्याचा तळ उद्ध्वस्त करावा. त्या पहिल्या खेळात माणसांचे आणि ऑर्कांचे बळ जवळजवळ सारखे होते. चित्रे निराळी, आकडे बहुतांशी तेच. ऑर्क दुष्ट आहेत ही गोष्ट पुस्तिकेत छापलेली होती. डावात तिचा मागमूस नव्हता.

(जाता जाता : २०२३ साली ही कंपनी मायक्रोसॉफ्टच्या मालकीची झाली, आणि मायक्रोसॉफ्टचे विकासकेंद्र १९९८ पासून आपल्या शहरात आहे. तेव्हा ऑर्कांचा धनी आता आमचा शेजारी झाला, असे म्हणायला हरकत नाही.)

खरा बदल घडला तो २००२ साली, तिसऱ्या खेळात. त्यातील ऑर्कांनी मागे माणसांची राज्ये जाळली आहेत, मग पराभव पावून ते छावण्यांत कोंडले गेले आहेत. त्यांचा तरुण नायक थ्रॉल माणसांच्या हाती वाढलेला, झुंजींत लढविला गेलेला आहे. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच गुलाम. तो आपल्या लोकांना सोडवितो, गलबते बळकावून समुद्रापार नेतो, परक्या किनाऱ्यावर वृषभमुखी टॉरेनांच्या नायकाशी सख्य जोडतो आणि तेथेच वसाहत करतो. त्या भूमीला तो आपल्या पित्याचे, ड्युरोटानचे, नाव देतो आणि नगराला जुन्या सेनापतीचे. ज्या घराण्यांनी गोदावरीकाठची गावे सोडून मुसीच्या काठी बिऱ्हाडे थाटली, आणि ज्यांच्या आडनावांत ती गावे अजून नांदत आहेत, त्यांना या नामकरणातले दुःख समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्या नातवाला ऑर्क आपले का वाटतात, याचे अर्धे उत्तर आम्हांला येथे मिळाले. पराजिताच्या बाजूने कथा सांगण्याची दृष्टी मराठीला परकीही नाही. महात्मा फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त बळीराजाची बाजू घेऊन वामनाला कठड्यात उभे केले, तेव्हा ऑर्क हा शब्दही कोणाच्या ओठी नव्हता.

मात्र फुल्यांनी जे केले नाही ते या खेळाने केले आहे, आणि आमचा पहिला आक्षेप तेथेच आहे. ऑर्कांनी केलेल्या कत्तलींचे कारण काय? तर त्यांच्या सरदारांनी मॅनोरॉथ नामक दैत्याचे रक्त प्राशन केले होते, म्हणून त्यांना रक्ताची तहान लागली. कथेच्या उत्तरार्धात एक क्षण असा येतो की खेळ मोठ्या साहित्याच्या उंबरठ्यावर उभा राहतो. सर्वप्रथम ते रक्त प्यालेला ग्रॉम हेलस्क्रीम एका लढाईत बळ कमी पडते म्हणून दुसऱ्यांदा, समजून-उमजून, तोच प्याला तोंडाला लावतो. आणि थ्रॉलला कळते की मागेही सरदारांनी ते आपखुषीनेच घेतले होते. आपल्या पूर्वजांना कोणी फसविले नव्हते, हे कळणे केवढे भयंकर! पण लेखकांना ते सोसवत नाही. लगेच पुढच्या प्रवेशात ग्रॉम त्या दैत्याला मारून स्वतः मरतो आणि सगळ्या जमातीचा शाप एका फटक्यात उतरतो. जळालेल्या गावांचा हिशेब दैत्याच्या प्रेताबरोबर मिटविला जातो.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, कारण तो कथेवर नसून डावावर आहे. कथा म्हणते, ऑर्क आता लुटारू उरले नाहीत. डाव काय म्हणतो? ऑर्कांच्या पक्षाला ‘पिलेज’ नावाची, म्हणजे लुटीची, एक विद्या आहे. मोल देऊन ती एकदा शिकून घेतली की त्यांचे मजूर, पायदळातील ग्रंट आणि लांडग्यांवर बसलेले स्वार शत्रूच्या घरादारावर घाव घालताना आपल्या खजिन्यात सोने व लाकूड जमा करीत जातात. ही विद्या माणसांच्या पक्षाला नाही. कथेत ज्या रक्ततृष्णेपासून ऑर्क मुक्त झाले, तीच ‘ब्लडलस्ट’ या नावाने त्यांच्या शामानांना, म्हणजे पंचाक्षऱ्यांना, सर्वांत शेवटी मिळणारा मंत्र म्हणून ठेवलेली आहे. ज्या साधनेने जमात शुद्ध झाली म्हणतात, तिचाच हा कळस! खर्चाचे कोष्टकही पाहावे. माणसांचा साधा पाईक १३५ सोन्याला पडतो आणि दोघांचे अन्न खातो. ग्रंट २०० सोन्याला पडतो आणि तिघांचे. असा महागडा शिपाई पोसायचा तर लुटीवाचून भागणार कसे, असा हा अर्थव्यवहार आहे. तळावर हल्ला झाला तर माणसांचे शेतकरी थोड्या वेळापुरती शस्त्रे घेऊन बाहेर पडतात; ऑर्कांचे मजूर बिळासारख्या घरांत शिरतात आणि तेथून भाले फेकतात. रयत कोणाची आणि टोळी कोणाची, हे चित्रकाराने न सांगताही येथे कळून चुकते.

यावर कोणी म्हणेल, डाव तोलायचा तर प्रत्येक पक्षाला काही निराळे द्यावेच लागते. मान्य. पण ते निराळेपण कोठे शोधायचे ते रचणाराने ठरविले आहे, आणि ठरविताना त्याची जुनी समजूत नकळत बोलून गेली आहे. २०२० साली हा खेळ नव्या रूपात निघाला. चित्रे सुबक झाली. लुटीची विद्या तशीच राहिली.

ऑर्कांच्या पक्षाचे नाव ‘होर्ड’. या इंग्रजी शब्दाचे मूळ तुर्की ‘ओर्दू’त आहे, आणि त्याचा अर्थ लष्कराचा तळ. त्याच मुळापासून ‘उर्दू’ हे भाषेचे नाव आले. एकाच शब्दाचा पश्चिमेत गेलेला वंशज झुंडीचा वाचक झाला, आणि जो इकडे राहिला त्यात गझल लिहिली गेली. आमच्या आजोबांचे जमाखर्च आणि निम्मे विनोद ज्या भाषेत चालत, तिचे आणि या सुळेवाल्यांचे गोत्र एक आहे, हे नातवाला सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा पडद्यावरची नजर काढून आमच्याकडे वळला.

शब्दांचा असाच आणखी एक प्रवास आहे, आणि तो सुखाचा नाही. ‘बारगीर’ हा आपल्या लष्करी व्यवहारातला साधा शब्द. शिलेदाराचे घोडे स्वतःचे. बारगिराला घोडे आणि हत्यार सरकारातून मिळे. बंगालीत त्याचाच ‘बर्गी’ झाला. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारी राहणाऱ्या बंगाली बाईंनी नातीला निजविताना एक अंगाईगीत म्हटले. मूल झोपेना तर बर्गी येतील, अशा भीतीचे ते होते. अर्थ विचारला तेव्हा त्या संकोचल्या. बर्गी म्हणजे आम्हीच. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या. १७५१ साली अलिवर्दीखानाने ओरिसाचा वसूल आणि सालिना बारा लाखांची चौथ कबूल केली, तेव्हा त्या थांबल्या. मराठी इतिहासाच्या पुस्तकांत आम्ही हे प्रकरण ‘विस्तार’ या सदराखाली वाचले. तिकडे ते पाळण्यापाशी राहिले आहे.

या स्वाऱ्यांवर गंगाराम नावाच्या बंगाली कवीचे एक काव्य आहे. नाव ‘महाराष्ट्र पुराण’, हस्तलिखित १७५१ चे. १९६५ साली त्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. ऑर्कांच्या कथेशेजारी ते ठेवून पाहावे. आरंभी गंगारामही दैवी कारणच देतो : पृथ्वीला पापाचा भार झाला, म्हणून शिवाने नंदीला शाहूराजाच्या अंगी संचार करण्यास पाठविले आणि मराठे दंड देण्यासाठी निघाले. दैत्याच्या रक्तापेक्षा ही सबब कितीतरी भारदस्त! पण कवी तिच्यावर विसंबून राहत नाही. गावे जळू लागतात, स्त्रियांवर अत्याचार होतात, ब्राह्मण मारले जातात, आणि भवानी मराठ्यांवर कोपून नवाबाच्या बाजूला जाते. इतिहासातली गोष्ट अशी की १७४२ साली भास्करराम कोल्हटकर कटव्याच्या छावणीत दुर्गापूजा मांडून बसले होते आणि तेथेच अलिवर्दीने त्यांना गाठले. १७४४ साली मानकरा येथे त्यांचा दग्याने वध झाला. दग्याची बाब मराठी मनाला सलते, ते योग्यच. तरीही गंगारामाचा विवेक ब्लिझर्डच्या लेखकांपेक्षा सरस होता, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो. ज्याला देवाने पाठविले त्याच्या हातून घडलेले पाप त्याचेच राहते, हे त्याला ठाऊक होते.

२००९ साली निघालेल्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ या ब्रिटिश खेळात तर मराठेच एक पक्ष आहेत, आणि आमच्या ओळखीचे काही तरुण त्यामुळे फार सुखावले. तेथे मराठे म्हणजे नकाशावरचा एक रंग आणि एक निशाण. सुळे नाहीत आणि स्मृतीही नाही. आम्हांला तो खेळ कोरडा वाटला. त्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे नाही.

दुसऱ्याच्या पाळण्यातले आपले रूप पाहून अस्वस्थ झालेल्या वाचकांनी आपल्याही शब्दकोशाकडे पाहावे. निजामाच्या मुलुखाला मराठीत ‘मोगलाई’ म्हणत, आणि पुढे तोच शब्द अंदाधुंदीचा पर्याय झाला. पुण्याकडचे सोयरे आजही घरातील पसारा पाहून ‘काय मोगलाई आहे!’ म्हणतात, आणि ज्यांच्या कित्येक पिढ्या त्याच मोगलाईत दफ्तरे सांभाळण्यात गेल्या, ते आम्ही हसून घेतो. १७९५ ची खर्ड्याची लढाई आम्ही शाळेत विजय म्हणून शिकलो. पण रावरंभा निंबाळकरांसारखी मातबर घराणी निजामाच्या पदरी होती, आणि ज्या रेमंडच्या पलटणी त्या दिवशी पेशव्यांविरुद्ध उभ्या होत्या, त्याच्या नावावरून पडलेल्या मूसारामबागेतून आम्ही नित्य जातो-येतो. अशा गावात राहून टोळी कोणती आणि राज्य कोणाचे, हे एका रंगात सांगणे आम्हांला जमत नाही.

म्हणूनच या खेळातले आम्हांस सर्वांत भावलेले प्रकरण २००३ च्या पुरवणीतले आहे. ऑर्क नव्या भूमीत स्थिरावत असतात. शेजारी जेना या मानवकन्येचे नगर आहे, दोघांत सलोखा आहे. अशात तिचा पिता, नौसेनापती डेलिन, आरमार घेऊन येतो. मागच्या युद्धांतले ऑर्क त्याने पाहिले आहेत, त्यामुळे हा सलोखा खरा असू शकेल हे त्याला पटत नाही. तो चढाई करतो. जेना बापाची बाजू सोडते, आणि रेक्सार नावाच्या मिश्र रक्ताच्या भटक्याच्या हातून डेलिन मारला जातो. त्यानंतर ऑर्क नगर न बळकावता निघून जातात. येथे कोणी दैत्य नाही, शाप नाही. म्हाताऱ्याची आठवण खरी आहे आणि मुलीचा निर्णयही. विशेष असे की या प्रकरणात बहुतेक वेळ खाणी, लाकूड, सोने हा व्यवहारच नाही. खेळणारा चार-दोन सोबत्यांसह रानोमाळ फिरत असतो. खजिन्याचा आकडा नजरेआड झाला तेव्हाच कथेला आणि डावाला एका वाटेने चालता आले.

ते प्रकरण संपल्यावर आम्ही नातवाला विचारले, यात चूक कोणाची? तो जरा थांबला. “आजोबा, तो म्हातारा खोटं कुठे बोलत होता?” म्हणाला. मग त्याने नवा डाव मांडला, पुन्हा ऑर्कच घेतले, आणि पुरेसे सोने साठताच लुटीची विद्या शिकायला टाकली.