तरंगणाऱ्या उंदराचे नैराश्य

माझ्या थोरल्या बहिणीला नैराश्यावरची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी एका वाक्यात समजावले होते : मेंदूत सेरोटोनिन कमी पडते आहे, ते या गोळीने भरून निघेल. ताईला त्या वाक्याचा फार आधार वाटला. ‘मनाने कमकुवत’ हा घरातला जुना शेरा त्यानंतर कुणी उच्चारला नाही. पण काही महिन्यांनी तिनेच विचारले, “मग रक्त तपासून किती कमी आहे ते का सांगत नाहीत?” मला उत्तर देता आले नाही. पुढचे वाचन त्या प्रश्नामुळे झाले. मी मेंदूविज्ञानाचा अभ्यासक नाही, कथा-कादंबऱ्यांची समीक्षा करणारा आहे. पण पुराव्यापासून निष्कर्षापर्यंत लेखक कोणत्या शब्दावर स्वार होऊन जातो, हे पाहण्याची सवय इथेही उपयोगी पडली.

‘कमी पडते’ या शब्दातली अडचण जुनी आहे. स्वित्झर्लंडमधल्या रोलांड कून यांनी १९५७ साली इमिप्रामिनचे निरीक्षण प्रसिद्ध केले. अशा गोळ्यांचा चेतापेशींवरचा पहिला परिणाम काही तासांत होतो, रुग्णाला बरे वाटायला मात्र आठवडे लागतात. नुसती तूट भरायची असती, तर एवढा उशीर का? २०२२ मध्ये जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सेरोटोनिनच्या तुटीला सातत्याचा पुरावा सापडला नाही. (गोळीचा उपयोग होतो की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. ताईला झाला.)

मधल्या आठवड्यांत काय घडते, याचा एक शोध न्यूरोपेप्टाइडांपाशी जातो. सेरोटोनिन हा छोटा रेणू. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ती सावकाश पसरते, जास्त वेळ टिकते आणि इतर संदेशांचा सूर वर-खाली करते. न्यूरोपेप्टाइड वाय ही ३६ अमिनो आम्लांची साखळी तातेमोतो आणि मुट यांनी १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळी केली.

आपल्याकडे या विषयावर चिकाटीने काम झाले ते नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात. त्यातले निशिकांत सुभेदार पुढे पुण्याच्या आयसरमध्ये आले. पाषाणचा तो परिसर मी येता-जाता पाहत होतो. तिथल्या माणसाचे काम ताईच्या गोळीशी जोडलेले आहे याची मला कल्पना नव्हती.

२००९ च्या त्यांच्या एका निबंधात उंदरांचे गंधकंद काढून त्यांना इमिप्रामिन दिले आहे. न्यूरोपेप्टाइड वाय सोबत दिले की औषधाचा परिणाम वाढतो. त्याचा वाय-१ हा ग्राहक रेणू अडवला की परिणाम घटतो. म्हणजे सेरोटोनिन-नॉरअॅड्रेनॅलिनचे म्हणून ओळखले जाणारे औषध पेप्टाइडाच्या मदतीने काम करते. प्रतिमानाची निवडही मला चोख वाटते. गंधकंद काढलेला उंदीर सैरभैर धावतो, आणि औषध दोनेक आठवडे दिल्यावरच तो निवळतो. माणसातला उशीर इथे निदान दिसतो तरी.

त्याच वर्षी याच गटाचा कार्ट या पेप्टाइडावरचा निबंध आला. एकटे वाढवलेले उंदीर आणि गंधकंद काढलेले उंदीर अशी दोन प्रतिमाने घेऊन शीर्षकातच समान सूत्र सापडल्याचे म्हटले आहे. इथे मी अडखळलो. मोजमापाचा मोठा भार पोरसोल्ट यांच्या १९७७ च्या पोहण्याच्या चाचणीवर आहे. पाण्याच्या उभ्या नळकांड्यात सोडलेला उंदीर धडपड थांबवून नाक वर ठेवून तरंगू लागला, की ते सेकंद मोजायचे. मेंदूत कार्ट सोडल्यावर ते सेकंद कमी झाले. पण तरंगणे म्हणजे हताशा, हे उंदराने सांगितलेले नाही. सुटका नाही हे कळल्यावर शक्ती राखणे हा शहाणपणाही असू शकतो. शिवाय नेहमीच्या पद्धतीत या चाचणीत औषध एका दिवसात ‘लागू’ पडते. ज्या आठवड्यांचे कोडे सोडवायचे, तेच तिथे गायब.

गंमत अशी की या समान सूत्राला सर्वांत चांगले उत्तर याच गटाच्या आधीच्या कामात आहे. २००८ मध्ये त्यांनी दाखवले होते की दारू तोडल्यावर उंदरांत जी चिंता दिसते, तिच्यामागे अमिग्डालाच्या मध्यवर्ती केंद्रातले कार्ट आहे. २००९ मध्ये त्याच केंद्रात कार्ट सोडले तर नैराश्य उतरल्यासारखे दिसते. भुकेचा हिशेब लावावा तर तोही जमत नाही. न्यूरोपेप्टाइड वाय भूक वाढवते, कार्ट कमी करते, तरी पोहण्याच्या चाचणीत दोन्ही एका बाजूला. आणि कार्टच्याच चेतापेशींत आढळणारे, तसेच भूक कमी करणारे अल्फा-एमएसएच न्यूरोपेप्टाइड वायचा हा परिणाम पुसते. तेही याच मंडळींनी २००६ मध्ये छापले. मला तर ही विसंगतीच त्यांची खरी कमाई वाटते. सेरोटोनिनच्या जागी ‘कार्ट कमी पडते’ असे लिहिले, तर जुनेच वाक्य नव्या नावाने येईल. आणखी एक : या क्षेत्रातले बहुतेक प्रयोग नर उंदरांवर झाले आहेत, आणि नैराश्याचे निदान स्त्रियांत जवळपास दुप्पट होते.

पेप्टाइडाची घाई एकदा होऊन गेली आहे. १९९८ मध्ये सबस्टन्स पी अडवणारे औषध नैराश्यावर चालते असा मर्क कंपनीच्या संशोधकांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला आणि मोठी आशा निर्माण झाली. पुढच्या मोठ्या चाचण्यांत ते साध्या गोळीइतकेच ठरले. अॅप्रेपिटंट नावाने ते आज केमोथेरपीनंतरची उलटी थांबवायला देतात.

हे सगळे ताईला सांगितले. तिने उंदीर पाण्यात किती वेळ ठेवतात एवढेच विचारले. पाचेक मिनिटे, म्हटले. “आणि मग काढतात ना बाहेर?” ती म्हणाली.