पन्नास वर्षांच्या अभ्यासाचा ताळेबंद

'सायकॉलॉजिकल बुलेटिन' या अमेरिकन नियतकालिकात २०१७ साली आलेला एक शोधनिबंध शिक्षकांनी आवर्जून वाचायला हवा. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील जोसेफ फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आत्महत्येच्या धोक्यासंबंधीचे ५० वर्षांतले ३६५ अभ्यास त्यात एकत्र तपासले. नैराश्य, पूर्वीचा प्रयत्न, व्यसन यांपैकी कोणताही एक घटक घेतला, तरी त्यावरून केलेले भाकीत नाणेफेकीपेक्षा जेमतेम सरस ठरते. आणि ५० वर्षांत त्यात सुधारणा झालेली नाही.

अशा कामात पदवीच्या विद्यार्थ्यांनाही वाव असतो. त्यात नाट्य काहीच नाही. एकेक निबंध वाचायचा, किती जणांना किती काळाने पुन्हा गाठले ते तक्त्यात भरायचे. तोच निबंध दुसऱ्यानेही स्वतंत्रपणे वाचायचा आणि दोघांचे आकडे जुळतात का ते पाहायचे. (आपल्याकडच्या 'प्रकल्प वह्यां'त हा दुसरा वाचक कधी दिसत नाही!) आपल्याच विषयाचे अपयश मोजायला शिकणे, हे विज्ञानाचे उत्तम शिक्षण आहे असे मी मानतो.

मात्र निबंधातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे नीट पाहू. यातल्या बहुतेक अभ्यासांत माणसाला आज प्रश्न विचारले आणि परिणाम पाहिला तो कित्येक वर्षांनी. आजच्या ढगांवरून दहा वर्षांनंतरचा पाऊस सांगण्यासारखेच हे! शेवटच्या काही तासांत वा दिवसांत काय घडते, ते अशा पद्धतीला दिसणारच नाही. लेखकांनी ही मर्यादा कबूल केली आहे. पुढचा मार्ग म्हणून ते अनेक घटक एकत्र घेऊन संगणकाकरवी भाकीत करण्याची शिफारस करतात. तिथे माझे समाधान होत नाही.

कारण साध्या अंकगणितात आहे. समजा, १ लाख विद्यार्थ्यांपैकी १० जण खऱ्या धोक्यात आहेत आणि आपली चाचणी ८० टक्के अचूक आहे. ती १० पैकी ८ जणांना पकडेल. पण उरलेल्यांपैकी सुमारे २०,००० मुलांवरही विनाकारण शिक्का मारेल. दुर्मीळ घटनेच्या बाबतीत उत्तम चाचणीचीही हीच गत होते. शिबिरांतून वाटल्या जाणाऱ्या 'धोक्याच्या लक्षणां'च्या याद्या तर या चाचणीइतक्याही तपासलेल्या नसतात.

पण भाकीत जमत नाही म्हणून प्रतिबंधही जमत नाही, असा अर्थ कोणी काढला तर तो चूक ठरेल. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. पुढच्या दहा वर्षांत तिथला आत्महत्येचा दर निम्म्यावर आला. कोण धोक्यात आहे हे तिथे कोणीही ओळखले नव्हते.

मग वर्गातल्या गप्प झालेल्या मुलाचे काय? त्याला थेट विचारावे. विचारल्याने विचार मनात रुजतो ही भीती मॅडेलिन गूल्ड यांनी न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांत तपासली. २,३४२ विद्यार्थ्यांच्या या पाहणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. आत्महत्येविषयी प्रश्न विचारलेल्या मुलांत अस्वस्थता वाढली नाही. आधीच निराश असलेल्यांत तर ती इतरांपेक्षा थोडी कमीच आढळली. मुलाचे उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे सोडू नये, पालकांना आणि डॉक्टरांना गाठावे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे. ती मराठीतही बोलते.