तीन आठवड्यांनंतरचं नख

नेल एक्स्टेंशन झालं की लगेच फोटो काढतात. त्या फोटोत मला फारसा रस नाही. दिव्याखालून नुकतीच बाहेर आलेली, टॉप कोटने चकाकणारी दहा नखं कुणीही केलेली असली तरी छानच दिसतात. हे काम पाहायचं ते साधारण तीन आठवड्यांनी, बाई रिफिलसाठी परत येते तेव्हा. तोवर त्या हातांनी कणीक मळलेली असते, लोकलचा दांडा धरलेला असतो, दिवसभर कीबोर्ड बडवलेला असतो, पोरीच्या वेण्या घातलेल्या असतात. कारागिराने काय केलं आणि काय टाळलं, ते आता कुठे दिसायला लागतं.

डोंबिवलीतल्या एका लहान सलूनमध्ये असे दोन हात मला निवांत पाहायला मिळाले. रंगकाम अगदी थोडं: दुधी गुलाबी बेस आणि टोकाला पांढरी कड, म्हणजे साधं फ्रेंच. आकार बदामी, लांबी बेताची. बाई घरी रोज पोळ्या करते हे विचारून घेऊनच मालकिणीने ती लांबी ठरवली होती. या कामातली पहिली कलात्मक निवड मला हीच वाटते. ब्रश त्यानंतर उचलायचा.

असं नख आधी बाजूने पाहावं. हात डोळ्यांच्या उंचीवर आणला की एक रेषा दिसते: मुळाशी अगदी पातळ, पुढे हळूहळू चढणारी आणि टोकाकडे पुन्हा उतरणारी. त्या चढाच्या माथ्याला एपेक्स म्हणतात. नख मांसापासून सुटतं तिथे सगळा ताण येतो, म्हणून जाडी नेमकी त्याच्या आसपास हवी. नवख्या हाताचं काम सरसकट जाड असतं, नाहीतर सरसकट सपाट. पहिलं बोजड दिसतं, दुसरं आठवड्याभरात तडकतं. या हातांवर चढ होता, पण वरून पाहताना त्याचा पत्ता लागत नव्हता. फक्त प्रकाशाची एक अखंड पट्टी नखावरून सरळ खाली उतरलेली दिसत होती. फायलिंग कुठेही खालीवर झालं असतं तर ती पट्टी तिथे मोडली असती.

बोटाचं नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढतं. म्हणजे तीन आठवड्यांत मुळाशी 2 मिलिमीटरची मोकळी पट्टी उघडी पडते आणि एपेक्स तेवढाच पुढे सरकतो. तोल बिघडतो. रिफिल म्हणजे नुसती मोकळी जागा भरणं असं समजणारे बरेच आहेत, पण खरं काम तो माथा पुन्हा मागे, आपल्या जागी आणण्याचं. मालकीण आधी पुढची जाडी ड्रिलने उतरवते आणि मगच मागे नवं अ‍ॅक्रिलिक ठेवते. द्रवात बुडवलेला ब्रश पावडरीला लावला की टोकाशी एक गोळी तयार होते. गोळी फार ओली झाली तर कातडीकडे ओघळते, कोरडी राहिली तर पसरत नाही. ती गोळी नखावर टेकवते आणि क्षणभर थांबते. पावडर द्रव पिऊन घेते, पृष्ठभाग मऊ चमकतो, त्यानंतरच दाबायला सुरुवात. उकाड्यात अ‍ॅक्रिलिक लवकर घट्ट होतं, त्यामुळे मे महिन्यात हे थांबणं आणखी आखूड. शेवटी ब्रशच्या दांड्याने नखावर हलकी टिचकी. टक्क असा टणक आवाज आला, की फाइल उचलायची.

कातडी आणि अ‍ॅक्रिलिक यांच्यामध्ये ती केसाएवढी फट सोडते. या साऱ्या कामातली सगळ्यात देखणी रेषा मला ही वाटते. ती दिसण्यासाठी जितकी आहे तितकीच तब्येतीसाठी. न सुकलेलं जेल किंवा अ‍ॅक्रिलिकचा द्रव वारंवार कातडीला लागला की अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. पुढे दाताच्या काही फिलिंगचाही त्रास होऊ शकतो, कारण रसायनं एकाच घराण्यातली. क्लायंटला दोन-तीन आठवड्यांतून एकदा धोका, करणारीला रोज. युरोपीय संघाने सप्टेंबर 2025 पासून जेलमधलं टीपीओ हे रसायन बंद केलं, तेव्हा या मालकिणीने फळीवरची एकेक बाटली उतरवून लेबलं वाचली. टेबलाला धूळ ओढणारं यंत्र तर तिने एसीच्याही आधी बसवलं होतं.

दाताचा उल्लेख आला तो उगाच नाही. अ‍ॅक्रिलिकचं नख जन्मालाच दंतवैद्याच्या हातून आलं. 1950च्या दशकात फिलाडेल्फियाच्या फ्रेडरिक स्लॅक यांचं स्वतःचं नख तुटलं, तेव्हा त्यांनी खाली पातळ धातूचा कागद धरून दातांच्या अ‍ॅक्रिलिकने ते पुरं केलं. आजही टेक्निशियन बोटाखाली कागदी फॉर्म लावते, तो त्याच युक्तीचा वारस. त्या काळातला एमएमए हा द्रव मात्र नखांना सोसेना. त्याचं नख इतकं ताठ होतं की ठेच लागली तर ते तुटत नाही, खालचं खरं नख उचकटून येतं. तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1970च्या दशकात त्यावर कारवाई केली. तुटायची वेळ आलीच तर कृत्रिम नखाने आधी तुटावं, ही या कारागिरीची नीती मला फार आवडते.

आता ती पांढरी कड. तिच्या आतल्या कमानीला स्माइल लाइन म्हणतात. दहा बोटांची नखं दहा तऱ्हांची: अंगठा रुंद, करंगळी चिंचोळी, एखादं नख डावीकडे झुकलेलं. सगळीकडे एकाच मापाची कमान काढली तर हात वेडावाकडा दिसेल. मालकिणीने अंगठ्यावर कमान खोल घेतली होती, करंगळीवर उथळ, आणि झुकलेल्या नखावर एक टोक किंचित वर चढवलं होतं. सगळं मिळून पाहताना दहाही सारख्या. ही समज स्टेन्सिल लावून येत नाही.

फ्रेंच मॅनिक्युअर म्हणून जगभर गेलेली ही कड 1975च्या सुमारास हॉलिवूडमध्ये जेफ पिंक यांनी रूढ केली. दर प्रसंगाला कपडे बदलणाऱ्या नट्यांना सगळ्यांवर चालेल अशी नखं हवी होती. त्याच वर्षी, त्याच कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळच्या होप व्हिलेज या छावणीत व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासित बायका होत्या. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’मधली नटी टिपी हेड्रन तिथे मदतीला जायची. बायकांना तिच्या नखांचं अप्रूप वाटलं, म्हणून तिने आपल्या मॅनिक्युरिस्टलाच तिथे नेलं. 20 जणी शिकल्या, परवाने मिळवले, कामाला लागल्या. त्यांच्यामागून आलेल्या व्हिएतनामी कुटुंबांनी जागोजागी सलून काढले, दर उतरवले आणि श्रीमंतांची चैन कारकून बायकांच्या आवाक्यात आणली. भाषा धड येत नसतानाही हा धंदा उभा राहिला, कारण हातातलं काम बोलत होतं.

कॅलिफोर्नियात आज या परवान्यासाठी 400 तासांचं शिक्षण लागतं. आपल्याकडे परवान्याची सक्ती नाही. काही दिवसांचा कोर्स करून मुली कामाला लागतात आणि पुढचं शिक्षण क्लायंटच्या नखांवर होतं, हे मला खुपतं. डोंबिवलीची ही मालकीण आधी प्लास्टिकच्या बोटांवर बसली, मग बहिणी-मावश्यांच्या, मग बॅग घेऊन घरोघर फिरली, नंतर दुसऱ्याच्या पार्लरमध्ये एक टेबल भाड्याने घेतलं, आणि आता हा गाळा. गाळ्याचं भाडं नवरीच्या एका दिवसाच्या नखांवर निघत नाही. ते निघतं ठरल्या तारखेला परत येणाऱ्या हातांवर. म्हणून रिफिलच्या वेळी किती नखं मुळाशी उचलली गेली, हे ती प्रत्येकीच्या नावापुढे वहीत लिहून ठेवते. एकाच बोटावर दोनदा लिफ्टिंग दिसलं तर आपलं प्रेप, म्हणजे नखाची पूर्वतयारी, चुकतंय का, की बाई त्या नखाने डबे उघडते, याची चौकशी होते.

कामावर नवी मुलगी आली की तिला आधी रंग मिळत नाही. मिळतं ते काढायचं काम: वरचा थर फाइल करायचा, अ‍ॅसिटोनचा कापूस ठेवून फॉइल गुंडाळायचं, वीसेक मिनिटं धीर धरायचा आणि मऊ झालेलं तेवढंच सरकवायचं. खरवडायचं नाही. खालचं नख जसं आत गेलं तसंच बाहेर आलं का, हे मालकीण स्वतः भिंगाखाली तपासते.